मदत हवी आहे: पार्किन्सन्सची गोळी आणि बाबांचा शेअर बाजार

बाबा अडुसष्ट वर्षांचे, बँकेतून निवृत्त. पार्किन्सन्ससाठी आधी फक्त लेव्होडोपा चालू होती. कंप वाढला म्हणून डॉक्टरांनी प्रामिपेक्सोल जोडली, पुढे डोसही वाढवला. गुण आला हे मान्य; शर्टाची बटणं आता स्वतः लावतात.

पण आयुष्यभर एफडीपलीकडे न गेलेला हा माणूस हल्ली शेअर बाजारात ऑप्शन्स (भाव चढेल की पडेल यावरचे जोखमीचे सौदे) खेळतो! मध्यरात्री अमेरिकेचा बाजार बघत बसतात. आईने हटकलं की चिडतात. एक एफडी मोडल्याचं पासबुक भरून आणल्यावर कळलं. (अवांतर: पेढ्यांचा डबाही एका बैठकीत संपतो.) काका म्हणतात, म्हातारचळ. मला पटत नाही. डोस वाढायला आणि हे सुरू व्हायला एकच गाठ कशी पडली?

वाचलं ते असं: या आजारात मेंदूतल्या हालचाल सांभाळणाऱ्या भागाला डोपामाइन (मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन) कमी पडतं. प्रामिपेक्सोल डोपामाइनसारखं काम करते, पण तेवढ्याच भागात नाही. बक्षिसाची ओढ लावणाऱ्या भागात तुटवडा कमी असतो, तिथेही ती पोचते. २०१० साली अमेरिका-कॅनडातल्या ३,०९० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात प्रामिपेक्सोलच्या गटातली औषधं घेणाऱ्या सुमारे १७ टक्के रुग्णांत जुगार, खरेदी, खादाडी किंवा कामवासना आवरेनाशी झालेली दिसली. न घेणाऱ्यांत सुमारे ७ टक्के.

आई म्हणते, गोळी गुपचूप बंद करू. करावी का? आणि बाबांच्या देखत डॉक्टरांशी हे बोलायचं कसं?

प्रतिसाद १
गुपचूप तर अजिबात नको! अचानक थांबवली तर घाबरं होणं, घाम, नैराश्य, शिवाय अंग आखडणं, असं सगळं होऊ शकतं. सासऱ्यांच्या वेळी न्यूरॉलॉजिस्टनी ती हळूहळू उतरवली आणि लेव्होडोपा थोडी वाढवली. त्यांचा लॉटरीचा नाद ओसरला, कंप मात्र थोडा परतला. तपासणीआधी चिठ्ठी आत पाठवा: डोस कधी वाढला, वागणं कधी बदललं. कामवासनेबद्दलही विचारतील, लाजू नका.

धागाकर्ती
आभार! चिठ्ठीचं जमेल. सोमवारीच तपासणी आहे. तोवर उरलेल्या एफड्या दोघांच्या सहीशिवाय मोडता येऊ नयेत, असं बाबांच्या संमतीने बँकेत कुणी करून घेतलंय का?