म्हातारा मेंदू 'विझलेला', की नळालाच पाणी कमी?

गिरगावकर:
परवा दादरला एका व्याख्यानाला गेलो होतो. पडद्यावर एफएमआरआयचे (मेंदू काम करत असताना घेतलेल्या चुंबकीय स्कॅनचे) दोन मेंदू: पंचविशीतला लालभडक ठिपक्यांचा, सत्तरीतला फिकट. वक्ते म्हणाले, वयाबरोबर मेंदू असा विझत जातो. शेजारी बाबा होते (वय 74, शब्दकोडं अजून थेट पेनाने सोडवतात). चेहरा उतरला त्यांचा.

अहो, ते ठिपके पेशींचे नाहीतच. पेशी कामाला लागल्या की तिथे गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त धावतं. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात गडबड करतं, ते वाहून गेलं की सिग्नल चढतो, तोही 5-6 सेकंदांनी. रक्तातल्या ऑक्सिजनवर हा सिग्नल बदलतो, हे जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावांनी 1990 मध्ये उंदरांवर दाखवलं. वयाबरोबर रक्तवाहिन्या कडक होतात, गरजेला पटकन रुंदावत नाहीत. आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर नळाला करंगळीएवढी धार यायची. म्हणून आईचा स्वयंपाक अडला नव्हता.

मुलुंडची_मी:
उपमा छान, पण सोयीची. नुसते पाइप गंजले असते तर सिग्नल सगळीकडेच उतरला असता. आठवणीच्या चाचण्यांत तरुणांचा कपाळामागचा भाग मुख्यतः एका बाजूला उजळतो, ज्येष्ठांचा बऱ्याचदा दोन्हीकडे. मेंदू-संशोधक रॉबर्टो काबेझांची 2002 ची मांडणी यावरच आहे. कडक वाहिन्यांनी उजेड वाढेल कसा? आणि 'वयच झालं' म्हणत सासूबाईंचा विसराळूपणा आम्ही दोन वर्षं मनावर घेतला नाही. तेव्हा जरा जपून.

गिरगावकर:
सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं. पण पाइप सगळीकडे सारखे गंजत नाहीत ना! म्हणून काही संशोधक आधी श्वास रोखायला लावतात. कार्बन डायऑक्साइड वाढतो, विचार न करताही वाहिन्या रुंदावतात. सिग्नल किती चढला ते बघून मग चाचणीचा आकडा वाचायचा. वक्त्यांना हे विचारलं, तर 'वेळ संपली'.

मशीनजवळचा:
सत्तरीच्या माणसाला त्या बोगद्यात झोपवून श्वास रोखायला सांगून बघा. कोणी मध्येच सोडतं, कोणी खोकतं, डोकं हललं की अख्खा स्कॅन वाया. शिवाय सकाळचा कडक चहा! कॅफिनने वाहिन्या आखडतात. धमनीतल्या रक्तालाच चुंबकाने खूण करून प्रवाह मोजता येतो, पण ज्येष्ठांत ते रक्त पोचायलाच उशीर होतो. वाट कमी पाहिली तर प्रवाह उगाच कमी दिसतो. (आणि घरातल्या फायली उपसून ठिपके शोधू नका. डॉक्टर लिहून देतात तो एमआरआय सहसा मेंदूची रचना बघतो.)

मुलुंडची_मी:
मग रक्ताचा संबंधच नको, ईईजी घ्या. ते डोक्यावर तारा चिकटवून थेट मेंदूच्या विजेची लय टिपतं. तिथेही वयाबरोबर अल्फा लय (डोळे मिटून निवांत असताना दिसते ती) संथ होते. नळ बाजूला ठेवला तरी चूल मंदच.

गिरगावकर:
अल्फाचं मी धरलंच नव्हतं, मान्य. वक्ते 'मंद' म्हणाले असते तर हा धागा काढलाच नसता. ते 'विझतो' म्हणाले, तेही बाबांसमोर.