उत्तर: आधीच रेंडर केलेले कटसीन की गेमच्या इंजिनातले?

'आधी रेंडर केलेले व्हिडिओच भारी, इंजिनात चालणारे कटसीन म्हणजे कामचुकारपणा' हे वर कुणीतरी म्हटलंय, ते काही पटलं नाही. (कटसीन म्हणजे खेळ थांबवून गोष्ट पुढे नेणारे प्रसंग. आधी रेंडर केलेले म्हणजे आधीच चित्रं बनवून ठेवलेला व्हिडिओ; इंजिनातले म्हणजे गेम चालवणारं सॉफ्टवेअर तिथल्या तिथे रेखाटतं ते.)

१९९७ चा फायनल फँटसी ७ हा गेम आठवून बघा. चालता-फिरता क्लाउड (गेमचा नायक) म्हणजे ठोकळ्यांचा बाहुला, लढाईत तोच उंचापुरा, आणि व्हिडिओत आणखी तिसराच! तीन सीडी लागल्या त्या मुख्यतः या व्हिडिओंपायी. बाकी गेमचा बराचसा डेटा प्रत्येक सीडीवर तोच होता. पुढच्याच वर्षी त्याच प्लेस्टेशनवर मेटल गियर सॉलिड आला. त्यात जवळजवळ सगळे प्रसंग इंजिनातच. ओठ हलत नाहीत, बोलताना नुसती मुंडी हलते (हसू येतं, खरं आहे), पण कटसीन संपून खेळ कधी सुरू झाला तेच कळत नाही.

शिवाय व्हिडिओला तुम्ही काय घातलंय ते ठाऊक नसतं. विचर ३ या गेममध्ये नायक गेराल्टची दाढी दिवसागणिक वाढते आणि संवादाच्या प्रसंगांत तीच दाढी, तेच चिलखत दिसतं. हे व्हिडिओत कसं जमणार?

आणि एक गंमत: प्लेस्टेशन ३ वरच्या अनचार्टेड गेम्सचे कटसीन दिसायला इंजिनातले, पण होते आधीच रेकॉर्ड केलेले व्हिडिओ. ते चालू असताना मागे पुढचा भाग लोड व्हायचा. म्हणजे सरळ दोन कप्पे पाडताच येत नाहीत.

व्हिडिओ मला चालतो तो फक्त सुरुवातीला. मध्येच आला की पॉपकॉर्न शोधावंसं वाटतं.