वेकोच्या बेलरला मुलीला पाठवावं का? (अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या ईमेल-यादीवरची चर्चा)

विषय: बेलरबद्दल कुणाला अनुभव?

नमस्कार मंडळी,

मुलीला टेक्ससमधल्या वेकोच्या बेलर युनिव्हर्सिटीत बायोकेमिस्ट्रीला प्रवेश मिळालाय. ही बॅप्टिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांमधल्या एका पंथाची, खाजगी युनिव्हर्सिटी. स्कॉलरशिपही बऱ्यापैकी आहे. १ मेच्या आत होकार कळवायचाय. परवा त्यांचा वर्षभराच्या कामगिरीचा छापील अंक घरी आला. अर्धा अंक संशोधन, ग्रँट्स, नवे पीएचडी अभ्यासक्रम यांनी भरलेला आणि पुढे पान उलटलं की प्रार्थनासभा, बाप्तिस्मे, मिशन ट्रिप्स. आमच्या ह्यांचं म्हणणं, "आपण झेवियर्सला शिकलोच ना? बिघडलं का काही?" मला ते इतकं सोपं वाटत नाही. चॅपल, म्हणजे प्रार्थनासभेला बसणं, सक्तीचं असतं हे खरं का? आपल्या मुलांना तिथे परकं वाटतं का?

— फ्रिस्कोची आई

उत्तर:

अभिनंदन! बेलर म्हणजे मेडिकल कॉलेजवालं ना? मग विचार कसला करताय, डोळे झाकून घ्या.

— प्लेनोचे काका

उत्तर:

काका, डोळे उघडा! ते ह्यूस्टनचं बेलर कॉलेज ऑफ मेडिसिन. १९६९ पासून ते स्वतंत्र आहे. तिथे प्रवेश मिळाला म्हणजे अर्धी डॉक्टर झाली, असं कुणी मुलीच्या आजीला सांगू नका.

ताई, मी वेकोच्या बेलरमधूनच पदवी घेतली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हो, चॅपल सक्तीचं आहे. पदवीच्या मुलांना दोन सेमिस्टर करावं लागतं. हजेरी लागते, ती भरली नाही तर पुन्हा करायचं. आम्ही वेको हॉलमध्ये बसायचो. वर स्टेजवर गाणी नाही तर कुणाचं तरी भाषण, आणि माझ्या रांगेत निम्म्यांच्या मांडीवर ऑरगॅनिक केमिस्ट्रीची फ्लॅशकार्ड्स. प्रार्थना म्हणायला, हात जोडायला कुणी लावत नाही. बसावं मात्र लागतं.

त्याशिवाय धर्माचे दोन कोर्स, ख्रिश्चन स्क्रिप्चर्स आणि ख्रिश्चन हेरिटेज. हे प्रवचन असेल या समजुतीत राहू नका, रीतसर परीक्षा असते. कुठला संदेष्टा कोणत्या राजाच्या काळातला, ज्यूंचं निर्वासन आधी की मंदिर आधी, सगळं पाठ लागतं. रविवारच्या शाळेत वाढलेल्या मुलींना ते तोंडपाठ, आपण शून्यातून सुरुवात करणार. जीपीए सांभाळायचा असेल तर हे कोर्स केमिस्ट्रीच्या जड सेमिस्टरमध्ये घेऊ नकोस, एवढं लेकीला सांगा.

परकेपणाचं म्हणाल, तर तो युनिव्हर्सिटीकडून येत नाही, वसतिगृहाच्या मजल्यावरून येतो. रविवारी सकाळी अख्खा मजला रिकामा. शेजारच्या खोलीतली मुलगी खरोखर जिव्हाळ्याने विचारते, "येतेस का चर्चला?" पहिल्यांदा छान वाटतं, चौथ्यांदा उत्तर काय द्यावं सुचत नाही. वसंतात कॅम्पसमधल्या फाउंटन मॉल या हिरवळीवर मोठा तंबू पडतो आणि सलग ७२ तास रात्रंदिवस प्रार्थना चालते. त्याला एफएम ७२ म्हणतात. मी रात्री लायब्ररीतून परतताना कडेला उभी राहून पाहिलंय. माझ्या लॅबमधला हुशार मुलगा तिथे डोळे मिटून रडत होता. मला भीती वाटली नाही, पण आपण इथले नाही हे त्या क्षणी नीट कळलं. भारतीय मुलांची संघटना आहे, तिचा 'गेटवे टू इंडिया' कार्यक्रम होतो, तेवढ्यापुरतं घर सापडतं.

लेक "नको" म्हणू शकते का, हे आधी बघा. शिक्षणाचा दर्जा उत्तम आहे, त्यात वाद नाही.

— ऑस्टिनहून

उत्तर:

ऑस्टिनच्या ताईंनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो. मी सरकारी युनिव्हर्सिटीत शिकवून निवृत्त झालो.

झेवियर्सशी तुलना करू नका. आपल्या राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार, सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कुणालाही संमतीशिवाय, आणि अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. त्यामुळे झेवियर्समधला धर्म ज्याला हवा त्याच्यापुरताच राहिला. इथली, म्हणजे अमेरिकेची, धर्मस्वातंत्र्याची पहिली घटनादुरुस्ती फक्त सरकारला बांधते. खाजगी युनिव्हर्सिटीने चॅपल सक्तीचं केलं तर ती अट मान्य करूनच तुम्ही प्रवेश घेता. प्राध्यापक नेमतानाही धार्मिक संस्थांना श्रद्धा विचारात घेता येते, १९६४च्या नागरी हक्क कायद्यात तशी सूट आहे. आपल्यातल्या कुणाच्या डोक्यात तिथल्या नोकरीचा विचार असेल तर तेही ध्यानात ठेवा.

आता त्या अंकाबद्दल. ग्रँट्स आणि बाप्तिस्मे एकाच अंकात का, याला इतिहास आहे. हार्वर्ड १६३६ साली निघालं तेव्हा धर्मोपदेशक तयार करणं हा मोठा हेतू होता. आज ते कुणाच्या ध्यानातही नसतं. व्हँडरबिल्टची मेथडिस्ट चर्चशी १९१४ मध्ये फारकत झाली. वेक फॉरेस्टने १९८६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या बॅप्टिस्टांशी असलेलं नातं सोडवून घेतलं. संशोधन वाढलं की श्रद्धा पातळ होते, ही धास्ती बॅप्टिस्ट घराण्यांत मुरलेली आहे, आणि ती अगदीच निराधार आहे असंही नाही. खुद्द बेलरने १९९० मध्ये सनद बदलून बहुतेक विश्वस्त नेमण्याचा अधिकार टेक्ससच्या बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनकडून (तिथल्या बॅप्टिस्ट चर्चांच्या संघाकडून) स्वतःकडे घेतला, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता!

त्यानंतर संशोधन वाढवण्याची २०१८ ची 'इल्युमिनेट' योजना आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकन युनिव्हर्सिट्यांच्या कार्नेगी वर्गीकरणात आर-१ हा संशोधनाचा सर्वांत वरचा दर्जा मिळाला. २०२५ पासून या दर्जाला वर्षाला निदान ५ कोटी डॉलर संशोधनखर्च आणि ७० संशोधन डॉक्टरेट लागतात, आणि देशभरात अशा १८७ संस्था आहेत. म्हणजे बेलर आता त्याच रस्त्याला लागलंय ज्या रस्त्याने बाकीचे चर्चपासून लांब गेले. देणगीदारांना दरवर्षी सांगावंच लागतं, की आम्ही मोठे झालो तरी तुमचेच आहोत. ताई, ती धर्मकार्याची पानं तुमच्यासाठी लिहिलेलीच नाहीत. ती लबकमधल्या एखाद्या बॅप्टिस्ट आजोबांसाठी आहेत. तुमच्या मुलीला काय बंधनकारक आहे ते कॅटलॉगमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या अभ्यासक्रम-नियमांच्या पुस्तकात, सापडेल. तेच वाचा, आणि ती ज्या वर्षी प्रवेश घेते त्याच वर्षीचं वाचा.

— एक निवृत्त मास्तर

उत्तर:

सरांचं पटलं, पण सगळ्या ख्रिश्चन संस्थांना एका माळेत ओवू नका. आमचा मुलगा नोट्र डेम या कॅथलिक युनिव्हर्सिटीत होता. प्रत्येक वसतिगृहात स्वतंत्र चॅपल, मुलामुलींची वसतिगृहं वेगळी, रात्री ठरल्या वेळेनंतर मुलांनी मुलींच्या किंवा मुलींनी मुलांच्या वसतिगृहात थांबायचं नाही. पण मासला (कॅथलिक उपासनेला) जायची सक्ती अजिबात नाही. मुलगा परीक्षेच्या आधी कॅम्पसमधल्या ग्रोटोवर (मेरीमातेच्या गुहेपाशी) मेणबत्ती लावून यायचा. मी विचारलं तर म्हणे, "आई, सिद्धिविनायकाला जातेसच ना तू?" यावर मी काय बोलणार! आणि हीच युनिव्हर्सिटी २०२३ मध्ये एएयूत, म्हणजे आघाडीच्या संशोधन युनिव्हर्सिट्यांच्या संघटनेत गेली.

जॉर्जटाउन तर जेझुइट या कॅथलिक संघाचं, पण २०१६ मध्ये तिथे हिंदू धर्मजीवनासाठी वेगळे संचालक नेमले गेले. उलट काही इव्हँजेलिकल (धर्मप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) कॉलेजांत विद्यार्थ्यांकडून आचारसंहितेवर सही घेतात. कॅथलिक की इव्हँजेलिकल, हे विचारल्याशिवाय "ख्रिश्चन युनिव्हर्सिटी" म्हणण्याला काही अर्थ नाही.

— साऊथ बेंडची काकू

उत्तर:

सगळ्यांचे आभार. काल रात्री आम्ही दोघी कॅटलॉग घेऊन बसलो. सही वगैरे नाही, चॅपल आणि दोन कोर्स आहेत, जसं ऑस्टिनच्या ताईंनी लिहिलं तसंच. लेकीला चॅपलचं काही वाटलं नाही. "दोन सेमिस्टर बसेन," म्हणाली. धर्माचे कोर्स बघून मात्र तोंड वाकडं केलं, कारण ग्रेड लागते.

ह्यांना कलम २८ वाचून दाखवलं. गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे आमच्या फादरनी आम्हाला कायद्यामुळे सोडलं होतं?"

येत्या शनिवारी वेकोला जातोय. मला लॅब बघायची आहे. तिला मजल्यावरच्या मुलींशी बोलायचंय, आई-बाबा सोबत नकोत ही अट घालून. ऑस्टिनच्या ताई, तुमच्या ओळखीची सध्या तिथे शिकणारी एखादी मुलगी असेल तर मला वेगळा मेल कराल का? यादीवर नको.

— फ्रिस्कोची आई