बाई बोलते तेव्हा कॅमेरा कोणाकडे असतो?

मूळ मांडणी (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

मालिकांतील स्त्रियांचे चित्रण खटकले की आपण कथेला दोष देतो. माझ्या मते कथेइतकीच, किंबहुना अधिक, दिग्दर्शनाची रीत बाईला लहान करते. परवा रात्री सासूबाईंबरोबर एक कौटुंबिक मालिका पाहत होते. सून घरात सांगते, "मी उद्यापासून कामावर जाणार आहे." वाक्य पुरते संपण्याआधीच कॅमेरा सासूवर, तिथून जावेवर, नवऱ्यावर आणि पुन्हा सासूवर गेला आणि प्रत्येक चेहऱ्याला ढोलाचा एकेक ठोका मिळाला. मी मोजले, अकरा वेळा चेहरे दाखवले; त्यांत बोलणारीचा चेहरा एकदाच आला. तिने कोणते काम धरले आणि ते तिला का हवे होते, हे भाग संपला तरी कळले नाही. निर्णय तिचा होता, पण प्रसंग घरच्यांच्या धक्क्याचा झाला.

करवीर तालुक्यातील वसगडे येथे चित्रित झालेली 'तुझ्यात जीव रंगला' २०१६ साली सुरू झाली, तेव्हा निरक्षर पैलवानाला शिकवणारी शिक्षिका आपल्या भागातल्या पडद्यावर आली याचा मला मनापासून आनंद झाला होता. पुढे ती फळ्यासमोर कमी आणि वाड्यातल्या डावपेचांना तोंड देताना अधिक दिसू लागली. दिग्दर्शकाची दृष्टी वेगळी असली की काय होते, हे दूरदर्शनने १९८९ मध्येच दाखवले होते. कविता चौधरी यांनी 'उडान' लिहिली, दिग्दर्शित केली आणि पोलीस अधिकारी होणाऱ्या कल्याणीची भूमिकाही स्वतः केली. त्या मुलीच्या मनात काय चालले आहे, हे कळण्यासाठी आपल्याला घरच्यांचे चेहरे पाहावे लागत नव्हते.

प्रतिसाद (मोरेवाडी, चित्रनगरीजवळ)

ताई, मी नऊ वर्षे मालिकांवर सहायक दिग्दर्शक आहे आणि तुमचे म्हणणे मला मान्य नाही. 'उडान' साप्ताहिक होती. आम्हांला साधारण दिवसाला एक भाग, म्हणजे वीस-बावीस मिनिटे, उभी करावी लागतात. संवादांची पाने सकाळी येतात, कधी दुपारी. एकदा प्रकाशयोजना लागली की त्याच जागी सगळ्यांच्या रिअ‍ॅक्शन, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांचे शॉट, घेऊन ठेवाव्या लागतात, कारण भाग दोन मिनिटांनी कमी भरला तर संकलकाला त्याच उपयोगी पडतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आमचा प्रेक्षक मालिका पाहतो त्यापेक्षा ऐकतो जास्त. माझी बायको भाकरी थापत असते, तिचे डोळे तव्यावर आणि कान टीव्हीकडे असतात. ठोका वाजला की पिठाच्या हातानेच ती दारात येते. दर गुरुवारी टीआरपी येतो, त्यात हे सगळे दिसते. या रीतीमागे बाईचा अपमान करण्याचा हेतू नाही, तिच्या दिवसभराच्या कामाचा विचार आहे.

प्रतिसाद (गडहिंग्लज)

दोघांचाही मुद्दा मला अपुरा वाटतो. 'आई कुठे काय करते' ही दैनंदिनच मालिका होती, रिअ‍ॅक्शन तिच्यातही भरपूर होत्या. तरीही पंचवीस वर्षांच्या संसारानंतर घटस्फोट घेऊन उभी राहणारी अरुंधती २०१९ पासून जवळपास पाच वर्षे घराघरांत पोचली. म्हणजे कथेत बळ असेल तर कॅमेरा आड येत नाही.

माझी तक्रार निराळी आहे. माझी आई पहाटे चारला उठते, दोन म्हशींची धार काढते, शेण-वैरण करते आणि किटली घेऊन डेअरीत दूध घालायला जाते. दहा दिवसांचे बिल मात्र वडिलांच्या नावावर निघते. कोल्हापूरच्या नावाने चालणाऱ्या मालिकांत मी वाडे पाहिले, कोल्हापुरी साज पाहिले, पण धार काढणारी नायिका मला अजून दिसलेली नाही.

प्रतिसाद (राजारामपुरी, कोल्हापूर)

याच शहरात प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट केला. त्यातली हरिश्चंद्राची राणी तारामती पतिव्रताच होती, पण दुर्गा खोटे यांनी ती ताठ मानेने उभी केली. पात्र कोणतेही असो, ते पेलणाऱ्या अभिनेत्रीला अवकाश मिळतो का, एवढेच मी पाहतो.

मूळ मांडणी करणारीचे उत्तर

गडहिंग्लजच्या भाऊ, तुमच्या आईंविषयीचे वाक्य मी सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांच्या माहेरीही दूधबिल भावाच्या नावावर निघत असे. तुमचा मुद्दा मी पूर्ण मान्य करते.

मोरेवाडीच्या दादा, तुमच्या वेळेची ओढाताण मला कळते, पण तुमचाच युक्तिवाद पुढे नेऊन पाहा. बाई ऐकत असेल तर तिच्या कानी काय पडते? ढोल. सुनेची कारणे पडत नाहीत, कारण ती लिहिलेलीच नसतात. अकरा चेहऱ्यांना जेवढा वेळ जातो, तेवढ्यात बोलणारीवर कॅमेरा स्थिर ठेवून तिची चार वाक्ये पुरी होतील.

मोरेवाडी

ताई, स्थिर शॉट सोपा नसतो. तासाभरापूर्वी आलेली पाने पाठ करून अभिनेत्री उभी असते, एक शब्द अडला की सगळे पहिल्यापासून घ्यावे लागते. तरीही सांगतो, एकदा पाने आदल्या रात्री मिळाली होती आणि सुनेचा पावणेदोन मिनिटांचा प्रसंग आम्ही एका दमात घेतला. ती ओट्याला टेकून बोलत होती, मागे कुकर होता, दुसरे कोणी नाही. सेटवर शांतता पसरली होती. वाहिनीकडून निरोप आला की मध्ये घरच्यांचे चेहरे हवेत. दुसऱ्या दिवशी आम्ही ते घेतले, आणि भाग प्रसारित झाला तेव्हा त्यात चार रिअ‍ॅक्शन होत्या.