लॅब्राडोरचे पिल्लू घ्यायचे आहे. चांगला ब्रीडर कसा ओळखावा?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार. घरात आई-वडील, आम्ही दोघे आणि सहा व दहा वर्षांची दोन मुले आहेत. बऱ्याच विचारानंतर लॅब्राडोरचे पिल्लू आणायचे ठरले आहे. मिरजेजवळच्या एका ब्रीडरने मोबाइलवर छायाचित्रे पाठवली. पिल्ले ३० दिवसांची झाली आहेत, रविवारी पैसे देऊन लगेच घेऊन जा, असे तो म्हणतो. केनेल क्लबचे (जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे) कागद हवे असतील तर जादा पैसे पडतील, असेही त्याने सांगितले आणि तेव्हापासून माझे मन साशंक झाले आहे. नेमके काय पाहावे, काय विचारावे?

उत्तर १ (कराड)

३० दिवसांचे पिल्लू कृपया आणू नका. चार वर्षांपूर्वी आम्ही हीच चूक केली. ३५ दिवसांची मादी आणली, पाचव्या दिवशी उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू झाली, तपासणीत पार्वो (कुत्र्यांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार) निघाला आणि सलाईन लावूनही ती वाचली नाही. तिच्या लसीकरण कार्डावर फक्त तारीख व सही होती, लसीच्या कुपीचे लेबल चिकटवलेले नव्हते, हे आमच्या ध्यानात उशिरा आले. आईला पाहायचे म्हटले, तेव्हा ती शेतावर असल्याचे सांगून विकणाऱ्याने विषय टाळला होता. मला आजही वाटते की त्याच क्षणी आम्ही परत फिरायला हवे होते. पिल्ले आईच्या अंगावर पिताना, ती जिथे वाढली त्याच जागी पाहता येत नसतील, तर विसार देऊच नका.

उत्तर २ (शिरवळ)

मी पशुवैद्यक आहे. शिक्षणही इथल्याच क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात झाले. वरील सल्ला योग्य आहे आणि त्याला कायद्याचाही आधार आहे. श्वान प्रजनन व विक्रीसंबंधीच्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, मादी किमान १८ महिन्यांची झाल्याशिवाय तिची वेत घेता येत नाही, लागोपाठच्या दोन माजांना तिला फळवता येत नाही, आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी प्रमाणपत्र दाखवा म्हणण्यात संकोच बाळगू नका.

केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद वंशावळ सांगतात, आरोग्य नव्हे. लॅब्राडोरमध्ये खुब्याच्या व कोपराच्या सांध्याचा दोष आनुवंशिक असतो, आणि वरून अगदी धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्यांची पिल्लेही वर्षभरात लंगडू लागतात. म्हणून आई व बाप, दोघांच्याही खुब्यांचे एक्स-रे मागा. ते दोन वर्षे वयानंतर काढलेले असतील तर अधिक भरवशाचे. डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार रक्ताच्या किंवा लाळेच्या डीएनए चाचणीतून कळतो. आपल्याकडे या चाचण्या फार थोडे ब्रीडर करतात, त्यामुळे असा एखादा भेटेपर्यंत थांबावे लागेल. पिल्लू घरी आल्यावर त्याला गुळगुळीत फरशीवर पळू देऊ नका आणि वजन आटोक्यात ठेवा, कारण दोष असलेल्या सांध्यावर या दोन्हींचा ताण येतो.

उत्तर ३ (सातारा)

ज्यांच्याकडून आम्ही आमची मादी घेतली, त्यांनीच आम्हाला अर्धा तास प्रश्न विचारले: दिवसभर घरी कोण असते, फिरायला कोण नेणार, परगावी गेल्यावर काय करणार. सांभाळणे जमले नाही तर पिल्लू आम्हालाच परत करा, असे त्यांनी लेखी घेतले. त्यासाठी आम्ही सात महिने थांबलो होतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आज मिरजेला फोन करून पिल्लांची आई पाहायची आहे असे सांगितले, तर ती गावी पाठवली आहे असे उत्तर आले. ३० दिवसांच्या पिल्लांची आई गावी कशी, हे विचारताच फोन बंद झाला. रविवारचे जाणे रद्द केले आहे. मुले हिरमुसली आहेत, पण त्यांना कारण समजावून सांगितले. साताऱ्याच्या सदस्यांनी आपल्या ब्रीडरकडे पुढची वेत कधी अपेक्षित आहे, एवढे विचारून कळवावे, ही विनंती.