ल्युकेमिया एकच नसतो, म्हणून उपचारही एकसारखे नसतात
बरेच जण विचारतात, की ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर दोघांनाही, तरी एकाला नुसत्या गोळ्या आणि दुसऱ्याला लगेच अ‍ॅडमिट करून केमो, मग कुणाचं काही चुकतंय का? तर नाही, आधी प्रकार कुठला ते बघा. सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, हळू वाढणारा प्रकार) असेल तर २००१ पासून इमॅटिनिबच्या गोळ्या आल्यात आणि बरेच पेशंट त्यावर वर्षानुवर्षं नीट जगतात, फक्त बरं वाटतंय म्हणून मनानेच गोळी बंद करायची नाही, बीसीआर-एबीएलची टेस्ट (आजार किती उरलाय ते दाखवणारी रक्ततपासणी) ठरल्या वेळी करत राहायची. सीएलएलमधे (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, हाही बहुधा हळू वाढणारा) तर कधीकधी औषध न देता नुसतं लक्ष ठेवतात, घरच्यांना ते पटत नाही पण तो दुर्लक्षपणा नसतो. एएमएल, एएलएल हे अ‍ॅक्यूट ल्युकेमियाचे प्रकार मात्र झपाट्याने वाढतात, तिथे थांबून चालत नाही.

आणि एक कळकळीने सांगते, केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटला गेला की सकाळपर्यंत वाट बघू नका, घरीच पॅरासिटामॉल देऊन दाबू नका, पांढऱ्या पेशी कमी असताना साधं इन्फेक्शनही काही तासांत जिवावर बेततं, रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा. हॉस्पिटलचा इमर्जन्सी नंबर फोनमधे आजच सेव्ह करून ठेवा.