स्टाऊट, पोर्टर, डुंकेल, श्वार्झबिअर: चवीवरून ओळखायच्या कशा?

नांदेड_काऊंटर:
काळी बिअर म्हणजे कडक बिअर, असं धरूनच बहुतेक गिऱ्हाईक ऑर्डर देतं. सर्व्हिसच्या पोरांना नीट शिकवायचं आहे, म्हणजे विचारलं तर खात्रीनं सांगता येईल. ग्लासात ओतल्यावर सगळ्या सारख्याच दिसतात. लेबल न बघता ओळखायची पद्धत आहे का? स्टाऊट आणि पोर्टरमध्ये नेमका फरक काय? आणि काही बाटल्यांना ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, तो त्या प्रकाराचाच असतो का?

वाळूजचं_माल्ट:
आधी 'कडक'चा गैरसमज काढून टाका. रंग भाजलेल्या धान्यातून येतो, अल्कोहोल साखरेतून. एकूण धान्यात ५ ते १० टक्के काळं भाजलेलं धान्य घातलं की बिअर काळी होते. गिनेस ड्राफ्ट ही आयरिश स्टाऊट दिसायला काळीकुट्ट, पण अल्कोहोल ४.२ टक्केच. आपल्याकडची पिवळीधमक स्ट्राँग मात्र ८ टक्क्यांपर्यंत जाते.

ओळखताना रंग सगळ्यात शेवटी बघा. पहिला प्रश्न यीस्टचा: एल की लागर? एल साधारण १८ ते २२ अंशांवर आंबवतात, त्यामुळे वासात थोडी फळांची झाक राहते. लागर ८ ते १२ अंशांवर सावकाश आंबते आणि मग थंडीत मुरते, म्हणून चव स्वच्छ. स्टाऊट, पोर्टर, ब्राऊन एल ही एल मंडळी. डुंकेल, श्वार्झबिअर, डॉपलबॉक या लागर. केळं आणि लवंग असा वास आला तर ती गव्हाची डुंकेलवाइझन. हा वास यीस्टचाच असतो, वरून काही घातलेलं नसतं.

दुसरा प्रश्न भाजणीचा. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुधा जव. म्युनिकच्या डुंकेलमध्ये म्युनिक माल्ट मुख्य असतो. त्यामुळे पावाच्या खरपूस कडेची चव येते, कॉफी जवळजवळ नाहीच. ग्लासामागे मोबाईलची बॅटरी धरली की तांबूस झाक दिसते. श्वार्झबिअर डुंकेलपेक्षा गडद आणि कोरडी. भाजणी लागते, पण शेवटी जीभ साफ होते.

गडबड होते ती श्वार्झबिअर आणि आयरिश ड्राय स्टाऊटमध्ये. तिथे घोट गिळल्यावर दहा सेकंद थांबा. स्टाऊटचा जळका-कडू स्वाद मागे रेंगाळतो आणि किंचित आंबटपणाही जाणवतो. श्वार्झबिअरमध्ये तो लवकर विरतो, कारण तिथे बऱ्याचदा टरफल काढून भाजलेला माल्ट वापरतात आणि काळ्या भाजणीचा तुरटपणा बराचसा टरफलातच असतो.

एक सांभाळा: ३-४ अंशांवर चाखू नका, इतक्या गारव्यात वास उठतच नाही. लागर ७ ते १० अंशांवर, स्टाऊट-पोर्टर १० ते १३ वर. फ्रीजमधून काढून आधी ग्लासात ओता, मग थर्मामीटर लावून बघा. उन्हाळ्यात नांदेडला हे तापमान काही मिनिटांतच येतं, म्हणून बाटल्या एकेक करूनच काढा.

जालना_कॉपर:
वरचं पटलं. पोर्टर-स्टाऊटबद्दल भर घालतो, कारण यात उगाच छातीठोक उत्तरं दिली जातात. पोर्टर अठराव्या शतकातलं लंडनचं पेय. त्यातल्या दमदार पोर्टरला 'स्टाऊट पोर्टर' म्हणायचे, पुढे नुसतं 'स्टाऊट' उरलं. त्यामुळे दोघांत पक्की भिंत नाही.

'माल्ट न केलेलं भाजलं जव असेल तर स्टाऊट, नाहीतर पोर्टर' हा नियम आजच्या आयरिश स्टाऊटला बऱ्यापैकी लागू पडतो. पण ब्रिटनमध्ये १८८० पर्यंत माल्टवर कर होता आणि माल्ट न केलेलं धान्य बिअरमध्ये घालायला बंदी होती. म्हणजे तोवरच्या स्टाऊटचा काळा रंग भाजलेल्या माल्टचाच. डॅनियल व्हीलरनं माल्ट भाजायच्या ड्रमचं पेटंट १८१७ मध्ये घेतलं होतं.

पोरांना एवढं सांगा: चॉकलेट-कॅरॅमल पुढे आणि जळकेपणा मागे, तर बहुधा पोर्टर. काळी कॉफी पुढे आणि शेवट कोरडा, तर बहुधा ड्राय स्टाऊट. 'बहुधा' हा शब्द गाळू नका. मिल्क स्टाऊट यात बसत नाही. त्यात लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर असते, बिअरच्या यीस्टला ती आंबवता येत नाही, म्हणून गोडी टिकते. बाल्टिक पोर्टर तर नावाला पोर्टर, पण बहुतेक वेळा लागर यीस्टवर केलेली.

फेस दाट सायीसारखा दिसला म्हणून लगेच स्टाऊट ठरवू नका. तो नायट्रोजनचा परिणाम, कुठल्याही बिअरला देता येतो.

वाळूजचं_माल्ट:
पुठ्ठ्याचा प्रश्न राहिला. तो वास कुठल्याच प्रकाराचा नाही. बाटलीत राहिलेला ऑक्सिजन आणि उष्णता यांनी बिअर शिळी झाल्याची ती खूण. गडद बिअरमध्ये कधी सोया सॉससारखा वासही येतो. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात ४० अंशांच्या वर ठेवलेले खोके काही दिवसांतच बिघडू लागतात, नंतर फ्रीजमध्ये टाकून चव परत येत नाही. माल घेताना बाटलीवरची भरण्याची तारीख बघा.

दुसरा दोष उजेडाचा. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीला ऊन लागलं की हॉप्समधल्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधल्या) कडू घटकांपासून उग्र, घाणेरडा वास तयार होतो. तपकिरी बाटली बरीच वाचवते. आंबटपणाचं मात्र जपून ठरवा: स्टाऊटचा हलका आंबटपणा भाजणीचा असतो, पण ताकासारखा आंबट वास आणि उघडताच उसळणारा फेस असेल तर जंतुसंसर्ग समजा आणि ती बाटली देऊ नका.

नांदेड_काऊंटर:
फार उपयोगाचं सांगितलंत दोघांनी. भाजणीच्या पायऱ्या ओळखायचा सराव बाटल्या न फोडता करता येईल का?

जालना_कॉपर:
येईल. किराण्यातून अख्खे जव आणा, सातू म्हणून मागितले तरी मिळतील. जाड तव्यावर मंद आचेवर, सतत हलवत, तीन वाटे भाजा: एक सोनेरी, एक तपकिरी, एक कॉफीच्या बीइतका गडद. कोळसा होऊ देऊ नका, नाहीतर नुसती राखेची चव लागेल. प्रत्येकी २० ग्रॅम भरडून २०० मिली गरम पाण्यात, साधारण ७० अंशांवर, २० मिनिटं ठेवा आणि गाळून गार करा. माल्टची गोडी यात येणार नाही, पण भाजणीची चढण जिभेला कळते.

बाटल्या फोडाल तेव्हा तीन ग्लासांची चाचणी घ्या: दोघांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. पोरांनी वेगळा ग्लास ओळखायचा. अंदाजानंही तिनात एकदा बरोबर येतं, म्हणून एकाच उत्तरावर पास करू नका. ग्लासांची जागा बदलून पुन्हा पुन्हा घ्या. रंगानं फसू नये म्हणून ग्लासांना बाहेरून काळा कागद गुंडाळा. ग्लास साबणाचा अंशही न ठेवता धुवा आणि उपडे वाळवा, फडक्यानं पुसले तर फडक्याचा वास बसतो. दोन घोटांमध्ये साधं पाणी आणि बिनमिठाची भाकरी. चिवडा, शेंगदाणे टेबलावर नकोत, मीठ कडवटपणा दाबतं.